हजेरी

१९५१च्या मुंबई पोलीस अधिनियमात (आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात) चार कलमं ओळीनं येतात. २८वं सांगतं की पोलीस हा सदैव कर्तव्यावर आहे असंच मानलं जाईल आणि त्याला राज्यात कुठंही कामाला लावता येईल. २९वं सांगतं की त्याला राजीनामा कोणत्या अटींवर देता येईल. ३०वं नोकरी सुटल्यावर गणवेश, हत्यार, प्रमाणपत्र परत करण्याबद्दल आहे. आणि ३१वं सरकारी खोली रिकामी करण्याबद्दल.

कायदा लिहिणाऱ्यांनी हा क्रम सोयीसाठी लावला असेल. पण नायगावच्या नाहीतर वरळीच्या पोलीस वसाहतीतल्या कुणाही बाईला ही चार कलमं वाचून दाखवा. ती म्हणेल, हे तर आमच्या घराचंच सांगताय. ड्यूटी संपत नाही. सोडावी म्हटलं तर परवानगी लागते. सोडली तर अंगावरचे कपडे परत, आणि त्यामागोमाग डोक्यावरचं छप्परही परत.

पोलीस खातं आतून खचतं तेव्हा ते कसं ओळखायचं? काही देशांत ते राजीनाम्यांनी मोजतात. अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहरात मे २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, त्यानंतर तीन वर्षांत तिथलं सुमारे ९०० अधिकाऱ्यांचं दल ६००च्या खाली आलं. कुणी राजीनामे दिले, कुणी मानसिक आघाताचा दाखला घेऊन बाहेर पडले. लोकवस्तीच्या प्रमाणात पोलीस असायलाच हवेत असं शहराच्या सनदेत लिहिलेलं आहे, आणि त्या हिशेबानं ते ७३१ व्हायला हवे होते. त्यासाठी रहिवासी कोर्टात गेले आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. तिथं खचलेपण आकड्यात दिसतं, वर्तमानपत्रात येतं, नगरसेवकाला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

मुंबईत ते दिसत नाही, कारण मुंबईत शिपाई राजीनामा देत नाही. २०२४च्या भरतीत महाराष्ट्रात १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. एका जागेला शंभर. त्यात इंजिनीअर होते, पदव्युत्तर होते. बीडच्या, धुळ्याच्या, सोलापूरच्या पोरानं पहाटे डांबरी रस्त्यावर धावून, गोळाफेकीचा एकेक मार्क जमवून ही नोकरी मिळवलेली असते. गावाकडं बहिणीचं लग्न त्या पगारावर ठरलेलं असतं. तो राजीनामा कुठून देणार?

राजीनामे दिले ते नाव असलेल्यांनी. कुणी निवडणूक लढवायला दिला, कुणी तत्त्वासाठी. डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ अब्दुर रहमान या आयपीएस अधिकाऱ्यानं तो जाहीर केला. आणि एक राजीनामा असाही आहे की जो २००७मध्ये दिला गेला, मंजूर झाला नाही, आणि तो देणारे निलंबित अधिकारी सचिन वाझे २०२०मध्ये पुन्हा गणवेशात आले. पुढचं ओघात येईलच. हे अधिकाऱ्यांचं झालं. मला सांगायचंय ते हजेरीच्या वहीतल्या माणसांबद्दल.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक हजेरी मास्तर असतो. कुणी कुठं उभं राहायचं, कुणाची साप्ताहिक सुट्टी कधी, कुणाला कोर्टात धाडायचं, कुणाला बंदोबस्तात, हे तो लिहितो. मुंबईच्या शिपायाचं आयुष्य बघायचं असेल तर आयुक्तालयात जायचं कारण नाही. क्रॉफर्ड मार्केटसमोरची ती शतकाहून जुनी देखणी दगडी इमारत बाहेरून पाहावी आणि कुठल्याही ठाण्यात ही वही मागावी. वर्षानुवर्षं तिच्यात दोनच पाळ्या होत्या. दिवसाचे बारा तास आणि रात्रीचे बारा तास.

बारा म्हणजे बाराच असं मात्र कधी नव्हतं. बदलीवाला वेळेत आला तर सुटका. आला नाही तर थांबा. निघता निघता भांडण आलं, बेवारस प्रेत आलं, मंत्र्याचा ताफा आला, तर थांबा. शहरात सरकारी खोली सगळ्यांना मिळत नाही, म्हणून कुणी बदलापूरला राहतो, कुणी विरारला, कुणी पनवेलला. जाऊन-येऊन तीन तास धरा. मग झोपेला काय उरतं, हा पहिलीतल्या पोराचा हिशेब आहे. मुलं उठायच्या आत बाप गेलेला असतो, मुलं झोपल्यावर येतो. रविवारी भेटेल म्हणावं तर रविवारी मॅरेथॉन असते नाहीतर मोर्चा.

नाकाबंदीला उभी राहिलेली शिपाई मुलगी दिवसभर पाणी का पीत नाही, हे तिला कधी विचारू नये. स्वच्छतागृह नसतं म्हणून. बारा-चौदा तास उभं राहिलेल्या पायांच्या शिरा फुगतात, अवेळी खाल्लेला वडापाव साखर वाढवतो, पाठ जाते. नागपाड्याचं पोलीस रुग्णालय हे या खात्याचं खरं दफ्तर आहे. आयुक्त बदलले की फलक बदलतो, तिथल्या रांगेतले आजार मात्र तेच राहतात: साखर, रक्तदाब, पाठ, गुडघे.

राजीनामा नाही, मग माणूस काय करतो? तो 'सिक'मध्ये जातो. पोलिसांच्या बोलण्यात हा शब्द इतका रुळलाय की त्यात आजाराचा अर्थ अर्धाच उरलाय. रजा मागितली तर मिळणार नाही हे ठाऊक असतं, मग डॉक्टरचा कागद. कागदही नसेल तर गैरहजर. गैरहजेरीचा कसुरी अहवाल, कसुरीची शिक्षा, शिक्षेनं अडलेली वेतनवाढ, आणि त्या रागात पुन्हा गैरहजर. मिनीआपोलिसचा पोलीस दारातून बाहेर पडतो. आपला शिपाई दाराच्या आत राहून हळूहळू नाहीसा होतो. मला दुसरं जास्त वाईट वाटतं, कारण त्याची मोजदाद कुणी करत नाही.

या सगळ्यावर आपण, म्हणजे नागरिकांनी, एक शब्द ठेवून दिलाय: पांडू. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५चा. सिनेमातल्या हवालदाराला माणूसपण होतं, पण पडद्याबाहेर नाव शिवीसारखं चिकटलं. सिग्नलवर अडवलेला दुचाकीस्वार पाठ वळल्यावर तोच शब्द वापरतो. शिपायाला तो ऐकू जातो. ज्याची गल्लीत ही किंमत, त्याला वरिष्ठ अरे-तुरे करणार आणि सलाम राहिला म्हणून सुनावणार, हे शिपाई गृहीतच धरून चालतो. आणि ज्याला वरून असं वागवलं जातं तो खाली कुणाशी कसा वागेल? ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या गरीब बाईला जो तुसडेपणा सोसावा लागतो, त्याची मुळं मला हजेरीच्या वहीत दिसतात. त्यानं तो तुसडेपणा माफ होत नाही. पण तो कुठून येतो ते समजून न घेता नुसते सौजन्य सप्ताह पाळून काही हाती लागलेलं नाही.

एकदा हे सगळं फुटलं होतं. १८ ऑगस्ट १९८२. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालू होता, शहर आधीच तापलेलं. पोलिसांची संघटना होती. कामाचे तास, घरं, पगार, साहेबांच्या बंगल्यावरची घरगडीगिरी ही तिची गाऱ्हाणी होती. स्वातंत्र्यदिनी शिपायांनी काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. सरकारनं संघटनेची मान्यता काढली आणि मध्यरात्री नेत्यांना उचललं. सकाळी वरळी, नायगावच्या वसाहतींमधून शिपाई रस्त्यावर आले. ज्यांनी दंगल थांबवायची तेच रस्ता अडवून उभे, आणि त्या पोकळीत लुटालूट सुरू झाली. सैन्य बोलवावं लागलं, संचारबंदी लागली. ज्युलिओ रिबेरो तेव्हा आयुक्त होते.

बंड मोडलं, आणि मोडायलाच हवं होतं असं मला वाटतं. गणवेशातली माणसं शहराला ओलीस धरू शकत नाहीत. पण बंड मोडताना गाऱ्हाण्याची वाटही बुजवली गेली. १९६६चा केंद्रीय कायदा पोलिसांच्या संघटनेवर बंधनं घालतोच, त्यात १९८२ची दहशत मिसळली. त्यानंतर शिपायाला आपलं म्हणणं मांडायला एकच जागा उरली: वरिष्ठासमोर, सावधान उभं राहून, एकट्यानं. तिला तक्रार निवारण म्हणायचं, पण जिच्याबद्दल तक्रार तीच व्यक्ती समोर बसलेली असायची.

मे २०१५मध्ये वाकोला पोलीस ठाण्यात एका सहायक फौजदारानं आपल्या वरिष्ठ निरीक्षकावर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःला संपवलं. दोघंही गेले. वादाचं निमित्त डायरीत पडलेली गैरहजेरी. दोन्ही घरांच्या दुःखाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण त्या रात्रीनंतर शहरातल्या प्रत्येक ठाण्यात हजेरीची वही उघडताना हात क्षणभर थबकले असतील.

इथं एका नावाबद्दल सांगायला हवं. २००२च्या वांद्र्यातल्या गाजलेल्या अपघात खटल्यात पहिली फिर्याद देणारा शिपाई होता रवींद्र पाटील. पुढं तो कोर्टात येईनासा झाला, कामावर येईनासा झाला. त्याच्यावर वॉरंट निघालं, त्याला तुरुंगात टाकलं गेलं, नोकरी गेली, आणि २००७मध्ये क्षयरोगानं तो मेला. एक माणूस खात्याच्या आत राहूनच हरवत गेला आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर खात्याकडं त्याच्यासाठी एकच शब्द होता: गैरहजर.

त्याच नावाचा दुसरा एक अंमलदार देवनार पोलीस ठाण्यात होता. या रवींद्र पाटलांनी संप केला नाही, अर्जही नुसता रडगाण्याचा केला नाही. ते हजेरी मास्तराचं काम करायला बसले, म्हणजे गणित करायला. आहे त्याच माणसांत, एकही जास्तीचा शिपाई न मागता, बारा तासांऐवजी आठ तासांची पाळी लावता येईल का?

गणित अवघड आहे. समजा ठाण्यात पाळीवर लावता येतील अशी ९० माणसं आहेत. दोन पाळ्या लावल्या तर एका वेळी ४५. तीन लावल्या तर ३०. म्हणजे कुठल्याही घडीला ठाणं एक तृतीयांशानं रिकामं. हे ऐकूनच आजवर प्रत्येक साहेबानं फाइल बंद केली होती. पण कागदावरचे ते ४५ खरंच असतात का? त्यातले काही सिकमध्ये, काही गैरहजर, काही कुणाच्या तरी केबिनबाहेर खुर्ची धरून बसलेले. आणि जे आहेत ते दहाव्या-अकराव्या तासाला उभे आहेत म्हणून हजर, एरवी डोळे मिटलेले. बाराव्या तासाचा पोलीस चोर पकडत नाही, तो घड्याळ बघतो. ४५ दमलेल्यांपेक्षा ३० जागे बरे, आणि घरी झोपून आलेला माणूस सिकमध्ये कमी जातो, या दोन गोष्टींवर सगळी योजना उभी राहते.

आयुक्त होते दत्ता पडसलगीकर. त्यांनी खालच्या पायरीवरच्या माणसाचं हे गणित ऐकून घेतलं, आणि मे २०१६मध्ये देवनारमध्येच प्रयोग सुरू केला. जागा सोपी नव्हती. कचऱ्याचे डोंगर, कत्तलखाना, गोवंडीच्या दाट वस्त्या. बकरी ईदला तर सगळ्या शहराचं लक्ष तिथं. तिथं जमलं तर कुठंही जमेल. जमलं. मग एकेक ठाणं करत २०१८ उजाडताना शहरातल्या नव्वदहून अधिक ठाण्यांमध्ये आठ तास पोचले. आठ काम, सोळा घर.

माझ्या मते मुंबई पोलिसांच्या इतिहासातल्या मोठ्या सुधारणांमध्ये हिचं नाव घ्यायला हवं. ती एका अंमलदाराच्या डोक्यातून आली, तिला पैसा लागला नाही, आणि तिच्यामुळं पोरांना बाप मिळाला. संध्याकाळी चारला सुटलेला शिपाई शाळेच्या फाटकाशी उभा राहू शकला. सदानंद दाते या आयपीएस अधिकाऱ्यांनी 'वर्दीतल्या माणसाच्या नोंदी' हे पुस्तक लिहिलं. त्याचं नावच बघा. वर्दीत माणूस आहे हे पुस्तक लिहून सांगावं लागतं, हेच किती बोलकं आहे. देवनारच्या वहीनं ते रोजच्या व्यवहारात मान्य केलं.

मनोबल म्हणजे पदकं आणि भाषणं असा एक समज आहे, पण ते त्याहून साध्या गोष्टीवर टिकतं: आपल्या बाजूनं कुणी आहे का. ऑगस्ट २०१२मध्ये आझाद मैदानावर जमावानं पोलिसांवर हल्ला केला, महिला शिपायांवर हात टाकले. आणि दहाच दिवसांनी त्याच मैदानावर पोलिसांच्या बाजूनं झालेल्या राजकीय सभेत एक शिपाई गणवेशात व्यासपीठावर चढला आणि नेत्याच्या हातात गुलाब देऊन आला. शिस्त मोडली, हे खरंच. पण आपल्या बाजूनं कुणीतरी बोललं एवढ्यासाठी माणूस नोकरी पणाला लावतो, तेव्हा त्याला खात्याच्या आत कोण भेटलं नव्हतं हा प्रश्न उरतोच. ऑगस्ट २०१६मध्ये खारला हेल्मेटशिवाय दुचाकी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला अडवल्यावरून वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात घाव बसला. आठवड्याभरानं ते गेले. त्या वेळी वसाहतींमधून बाया बोलायला लागल्या. पोलिसांना बंदी आहे, त्यांच्या बायकांना नाही.

मग २०२० आलं, करोनाची साथ आली आणि आठ तासांची वही मिटली. टाळेबंदीत बारा तास, त्याहून जास्त तास, आणि भीती. एप्रिलमध्ये पन्नाशी ओलांडलेले तीन पोलीस गेले, तेव्हा पंचावन्नच्या पुढच्यांना घरी थांबायला सांगितलं. या साथीत मुंबई पोलिसांतली शंभराहून अधिक माणसं गेली. लोकांनी थाळ्या वाजवल्या. टाळेबंदी उठल्यावर नाक्यावर मास्कवरून हुज्जत घालणारेही त्यांतलेच होते.

त्या धक्क्यातून उठायच्या आत मार्च २०२१. उद्योगपती अंबानींच्या घराजवळ आदल्या महिन्यात सापडलेली स्फोटकांची गाडी, त्या प्रकरणात वाझेंची अटक, आयुक्तांची बदली, आणि त्यांचंच गृहमंत्र्यांवर शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप करणारं पत्र. त्या महिन्यात एका फटक्यात ८६ अधिकारी बदलले गेले, त्यांतले ६५ गुन्हे शाखेचे. आरोप मोजक्यांवर होते, डाग सगळ्यांच्या गणवेशावर पडला. वर्षानुवर्षं खबरी जोडून बसलेला माणूस एका रात्रीत कुठल्या तरी ठाण्याच्या डायरीवर जाऊन बसतो. त्याच्याबरोबर त्याचे खबरी जात नाहीत. ते तुटतात.

त्यानंतर तुकड्यातुकड्यानं काही झालं, ते नोंदवायला हवं. जानेवारी २०२२मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तासांचा आदेश निघाला. पोलीस नाईक हे मधलं पद काढून टाकलं, त्यामुळं शिपायाला निवृत्तीच्या आत फौजदारापर्यंत पोचायची वाट थोडी जवळ आली. किरकोळ रजा १२च्या २० झाल्या. रजा वाढल्या, पण रजेवर सोडायला माणूस हवा. जुलै २०२३मध्ये तोच कमी पडला म्हणून राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जण कंत्राटावर घ्यायचा निर्णय झाला. बाहेर लाखोंची रांग आणि आत कंत्राटी माणूस, हे मला आजही पटत नाही.

आणि ३१वं कलम. बीडीडी चाळी विसाव्या शतकाच्या विशीतल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७. खोली १६० चौरस फुटांची. या चाळींत पोलिसांची सव्वादोन हजारांच्या आसपास कुटुंबं. आजोबा हवालदार, बाप हवालदार, नातू शिपाई, आणि तिघांचाही निवृत्तीनंतरचा पहिला प्रश्न एकच: आता कुठं? पुनर्विकासात त्यांना घर द्यायचं ठरलं तेव्हा २०२२मध्ये किंमत आधी ५० लाख सांगितली गेली, मग २५, मग १५. हा आकडा खाली येत गेला त्या प्रत्येक वेळी वरळीच्या चाळीत किती घरांनी रात्री जागून हिशेब मांडला असेल! पंधरा लाखांत हक्काचं घर, म्हणजे ३१व्या कलमाच्या भीतीतून सुटका.

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री या सहायक फौजदारांनी रायफलची नळी हातांनी धरली आणि गोळ्या पोटात घेतल्या, म्हणून दहशतवादी कसाब जिवंत सापडला. त्या रात्री २८वं कलम कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

अनंत चतुर्दशीला त्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर बंदोबस्त लागतो. सकाळी उभी राहिलेली माणसं दुसऱ्या दिवशी लालबागचा राजा पाण्यात जाईपर्यंत हलत नाहीत. त्यांतल्या कित्येकांच्या गावाकडच्या घरी दहा दिवस गणपती होता. आरतीला ते नव्हते. विसर्जनाला धाकट्या भावानं मूर्ती उचलली, त्याचा फोटो मोबाईलवर आलाय. समुद्रावर उजाडतं तेव्हा हजेरी मास्तर कट्ट्यावर वही उघडून बसतो, आणि माणसं बुटातली वाळू झाडत एकेक करून त्याच्यासमोर उभी राहतात: कुणाला आता सोडायचं, आणि कुणाला थांबवायचं.